न्यायमूर्ती सर नारायणराव चंदावरकर : एका सनदशीर जीवनाचे पुण्यस्मरण

आपल्या सारस्वत ज्ञातीतील थोर पुरुषांची छायाचित्रे स्मरणिकांतून छापण्याचा प्रघात जुना आहे, आणि त्यांत न्यायमूर्ती सर नारायण गणेश चंदावरकर यांचे छायाचित्र बहुधा असतेच. घरातील वडीलमंडळी ते मुलांना दाखवितात, ‘हे आपल्यापैकी, हायकोर्टाचे जज्ज होते’, असे सांगतात आणि पान उलटतात. ज्या पुरुषाने संपादक, वकील, काँग्रेसचा अध्यक्ष, न्यायाधीश, दिवाण आणि शेवटी मुंबई इलाख्याच्या विधिमंडळाचा अध्यक्ष अशा पायऱ्या चढून सार्वजनिक आयुष्याची जवळजवळ पंचेचाळीस वर्षे वेचली, त्याची ओळख एवढ्या एका वाक्यात आटोपावी हे आम्हांस उचित वाटत नाही. म्हणून त्यांच्या चरित्राकडे जरा निवांतपणे पाहण्याचे आम्ही या लेखात योजिले आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. हा लेख केवळ स्तुतिस्तोत्र नव्हे. नारायणरावांच्या चरित्रात असे काही प्रसंग आहेत की त्यांचा उल्लेख करताना ज्ञातीचा अभिमान बाळगणारा लेखक अडखळतो. परंतु ते प्रसंग गाळून लिहिलेले चरित्र हे चरित्रच नव्हे, आणि ज्या माणसाने जन्मभर पुराव्यावर निर्णय दिला त्याच्याविषयी लिहिताना तरी पुरावा लपविणे शोभणारे नाही.

उत्तर कानड्याहून मुंबईस

नारायणरावांचा जन्म २ डिसेंबर १८५५ रोजी होनावर येथे झाला. त्या वेळी उत्तर कानडा हा मुलूख मद्रास इलाख्यात मोडत असे. १८६२ साली तो मुंबई इलाख्यास जोडला गेला. राज्यकारभाराच्या सोयीसाठी घडलेला हा बदल आपल्या ज्ञातीच्या इतिहासात किती दूरवर परिणाम करणारा ठरला, याचा विचार आपण क्वचितच करतो. तोवर शानभोगपण, मुलकी खात्यातील कारकुनी आणि थोडीबहुत शेतीवाडी ही आपल्या पूर्वजांची उपजीविका होती. मुंबईचे विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले होते, आणि मुंबईचे हायकोर्ट नेमके १८६२ सालीच सुरू झाले. शिकावयाचे तर मुंबईस, दाद मागावयाची तर मुंबईस आणि वकिली करावयाची तरी मुंबईस, असे ठरून गेल्यावर होनावर, कुमठा, कारवार या बंदरांतून तरुण मुले समुद्रमार्गे मुंबईची वाट चालू लागली.

नारायणराव या पहिल्या लाटेतील होत. त्यांचे मामा शामराव विठ्ठल कायकिणी हे मुंबईत त्यांच्या पाठीशी होते. शामरावांना सुधारणेची आस्था होती. गावाकडून आलेल्या मुलाला शहरात एक हक्काचा उंबरठा असणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनाच शामरावांसारख्या पुरुषाचे मोल कळेल. नारायणराव एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, तेथेच काही काळ दक्षिणा फेलो म्हणून राहिले आणि १८८१ साली त्यांनी कायद्याची पदवी मिळविली.

लेखणी आणि वकिली

वकिलीचा जम बसण्यापूर्वीच त्यांनी हाती लेखणी धरली होती. विष्णुशास्त्री पंडितांनी १८६२ मध्ये सुरू केलेले ‘इंदुप्रकाश’ हे मराठी व इंग्रजी अशा दोन अंगांचे साप्ताहिक होते. त्याच्या इंग्रजी बाजूचे संपादन नारायणरावांनी सुमारे दहा वर्षे केले. विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, बालविवाहाचा निषेध हे या पत्राचे नित्याचे विषय. विरुद्ध पक्षाचे म्हणणे आधी नीट मांडावे आणि मग त्याचे खंडन करावे, ही वकिलाला आवश्यक असणारी सवय त्यांना संपादकाच्या खुर्चीत अधिक पक्की जडली असावी. पुढे १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात जे प्रचंड वादळ उठले त्यात ते नि:संकोचपणे सुधारकांच्या बाजूस उभे राहिले.

त्या काळच्या मुंबईत न्यायमूर्ती रानडे, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याभोवती एक उदारमतवादी मंडळ जमले होते. तेलंग आणि भांडारकर हे तर सारस्वतच. या मंडळाची धारणा अशी होती की राज्य परकीयांचे असले तरी त्याने काही नियम स्वत:वर बांधून घेतले आहेत. त्या नियमांचा आधार घेऊनच प्रजेने आपले हक्क पदरात पाडून घ्यावेत, आणि ते करताना स्वत:च्या समाजातील अन्यायही त्याच नेटाने दूर करावा. सरकारकडे न्याय मागणाऱ्याने आपल्या घरातही न्याय करावा, हे त्यातील मुख्य सूत्र. नारायणरावांनी हे सूत्र तरुणपणी स्वीकारले आणि अखेरपर्यंत सोडले नाही. त्यांच्या यशाचे आणि त्यांच्या वाट्यास आलेल्या टीकेचे मूळ याच निष्ठेत आहे, असे आमचे मत आहे.

समुद्रापलीकडे

१८८५ च्या उत्तरार्धात इंग्लंडात सार्वत्रिक निवडणुकीची धामधूम चालू होती. हिंदुस्थानची बाजू तेथील मतदारांच्या कानी घालावी म्हणून मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील लोकसंस्थांनी तीन प्रतिनिधी पाठविण्याचे ठरविले. बंगालतर्फे मनमोहन घोष, मद्रासतर्फे सालेम रामस्वामी मुदलियार आणि मुंबईतर्फे नारायणराव चंदावरकर अशी ही निवड होती. नारायणरावांचे वय तेव्हा तीस वर्षांचेही पुरते नव्हते. त्यांनी तेथे ठिकठिकाणी सभांतून भाषणे केली, आणि परत आल्यावर या प्रवासाची हकीकत इंग्रजीत पुस्तकरूपाने लिहिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधींच्या उपस्थितीत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. विलायतेची ही मोहीम आणि काँग्रेसचा जन्म या एकाच मनोवृत्तीतून निघालेल्या दोन घटना होत.

आजच्या वाचकांना हा प्रवास साधा वाटेल. आपल्या कित्येक कुटुंबांतील मुले परदेशांत स्थायिक झाली आहेत. परंतु त्या काळी समुद्रोल्लंघन करणाऱ्या ब्राह्मणास प्रायश्चित्त आणि पंक्तिव्यवहार यांच्या प्रश्नांस तोंड द्यावे लागे. चित्रापूर मठाच्या गुरुपीठावर तेव्हा श्रीमत् पांडुरंगाश्रम स्वामी विराजमान होते. मठाची घडी बसविणारे, शिरालीस ऊर्जितावस्था आणणारे हे स्वामी आचारधर्माच्या बाबतीत मात्र कडक परंपरावादी होते, आणि विलायतगमनाचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे आपल्या ज्ञातीत धुमसत राहिला. या वादात एका बाजूस धर्मावरील निष्ठा होती व दुसऱ्या बाजूस काळाची हाक होती. दोन्ही बाजूंची माणसे आपलीच होती. काळाबरोबर तो निर्बंध उरला नाही. पण जे प्रथम गेले त्यांनी कोणती जोखीम पत्करली, हे आज विमानात बसणाऱ्या आमच्या मुलांना ठाऊक असावे.

लाहोरहून न्यायासनाकडे

१९०० साली लाहोर येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद नारायणरावांकडे आले. उत्तर कानड्यातील एका किनारी गावातला मुलगा पंजाबच्या राजधानीत अखिल हिंदुस्थानच्या वतीने बोलावयास उभा राहिला, हा क्षण आपल्या ज्ञातीच्या दृष्टीने खरोखर अभिमानाचा होता. तत्पूर्वी विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून त्यांनी जुन्या कायदेकौन्सिलातही काम केले होते.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे निवर्तले. त्यांच्यामागे त्यांच्या कार्याचा वारसा दोन ठिकाणी नारायणरावांकडे आला. मुंबई हायकोर्टाच्या न्यायासनावर ते १९०१ साली आरूढ झाले, आणि प्रार्थना समाजाचे अध्यक्षपदही त्यांजकडे आले. तेलंगांच्या मागून रानडे आणि रानड्यांच्या मागून चंदावरकर, अशी ती परंपरा. १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने मूर्तिपूजा व जातिभेद नाकारला, पण वेगळा पंथ न काढता तुकोबादी संतांच्या वाणीचा आधार घेतला. नारायणराव आठवडाभर न्यायासनावर बसत आणि गिरगावातील मंदिरात उपासनेच्या वेळी निरूपण करीत. सरकारी चाकरीमुळे राजकारण सुटले; समाजकारण मात्र त्यांनी सोडले नाही. याच काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते, आणि १९१० साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

न्यायासनावरील कसोटी

आता ज्या प्रसंगांचा आरंभी निर्देश केला त्यांकडे वळू. १९०९ साली गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकर यांना कवितांच्या प्रकाशनावरून राजद्रोहाच्या आरोपाखाली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तिच्याविरुद्धचे अपील हायकोर्टात आले तेव्हा न्यायासनावर नारायणराव होते, आणि अपील फेटाळले गेले. त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. त्यानंतर नाशिक कटाच्या खटल्यासाठी सरन्यायाधीश बेसिल स्कॉट, न्यायमूर्ती चंदावरकर आणि न्यायमूर्ती हीटन यांचे खास न्यायमंडळ बसले. विनायक दामोदर सावरकर यांना डिसेंबर १९१० मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा याच न्यायमंडळाने दिली. जानेवारी १९११ मध्ये तशीच दुसरी शिक्षा सुनावली गेली.

बाबारावांनी प्रसिद्ध केलेल्या मराठी कवितांचा अर्थ न्यायासनास भाषांतरावरून नव्हे तर मूळ शब्दांवरून कळत होता, कारण न्यायाधीशाला मराठी येत होती. याचे दु:ख मराठी वाचकाला अधिक झोंबते. इंग्रज न्यायाधीशाने शिक्षा दिली असती तर परकीयाचा निर्णय म्हणून तिची संभावना करता आली असती. येथे तीही सोय उरली नाही.

नारायणरावांच्या बाजूने काय म्हणता येईल? न्यायाधीश कायदा करीत नाही, असलेला कायदा लावतो, आणि कायदा अन्यायाचा असेल तर तो बदलण्याची जागा विधिमंडळ ही होय, असे उदारमतवादी उत्तर आहे. हे उत्तर तर्काने सुसंगत आहे. पण १९१० साली विधिमंडळात कायदा बदलण्याची सत्ता हिंदी लोकप्रतिनिधींच्या हाती होती कोठे? ज्या दाराकडे बोट दाखवावयाचे तेच दार बंद होते. सनदशीर मार्गाचे हे मोठे वैगुण्य होय, आणि नारायणरावांच्या थोरवीविषयी आमच्या मनात यत्किंचितही शंका नसताना आम्ही ते येथे नमूद करीत आहोत.

दुसरा प्रसंग १९१८ चा. तोपर्यंत ते न्यायासनावरून १९१३ साली निवृत्त झाले होते आणि इंदूर संस्थानची दिवाणगिरी थोडा काळ सांभाळून परत आले होते. महायुद्धाच्या काळात बंगालमध्ये शेकडो तरुणांना खटला न चालविता स्थानबद्ध करण्यात आले होते. त्यांच्या प्रकरणांची छाननी करण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती बीचक्रॉफ्ट आणि नारायणराव यांची द्विसदस्य समिती नेमली. समितीपुढे ८०६ प्रकरणे आली. त्यांपैकी अवघ्या ६ प्रकरणांत पुरावा अपुरा असल्याचा निर्वाळा तिने दिला. ही चौकशी खुल्या न्यायालयातील नव्हती, आणि आरोपीच्या वतीने उलटतपासणी करणारा वकील तेथे नव्हता. ज्याने वकिलीत उमेदीची वर्षे घालविली त्याला उलटतपासणीवाचून पुराव्याची किंमत काय, हे सांगावयास नको होते. या निर्णयावर लोकपक्षाकडून कडक टीका झाली, आणि ती अस्थानी होती असे आम्हांस म्हणवत नाही.

परळची शाळा

याच पुरुषाच्या आयुष्याची दुसरी बाजू मुंबईच्या गिरणगावात पाहावयास मिळते. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांनी परळ येथे अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढून ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’चा पाया घातला. त्या शाळेचे उद्घाटन नारायणरावांनी केले आणि मिशनचे अध्यक्षपदही स्वीकारले. ते त्या वेळी हायकोर्टाचे न्यायाधीश होते. अस्पृश्यांच्या मुलांशेजारी उच्चवर्णीयाने बसणे हीदेखील त्या काळी ज्ञातीत चर्चेची गोष्ट असे. शिंद्यांसारखा निधडा कार्यकर्ता आणि चंदावरकरांसारखा प्रतिष्ठेचा अध्यक्ष, असा हा जोड होता. पहिल्याने वस्तीत जाऊन काम करावे, दुसऱ्याने आपल्या नावाच्या वजनाने देणगीदारांची दारे उघडावीत. १९११ साली ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. गिरणीकामगारांसाठी रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालविणाऱ्या या संस्थेसही नारायणरावांचे अध्यक्षपद लाभले.

११ नोव्हेंबर १९१७ रोजी मुंबईत अस्पृश्य वर्गाची एक मोठी सभा नारायणरावांच्या अध्यक्षतेखाली भरली. काँग्रेस-लीग योजनेला पाठिंबा द्यावा आणि त्याबरोबरच अस्पृश्यांवरील निर्बंध दूर करण्याचा ठराव काँग्रेसने करावा, अशी मागणी सभेने केली. त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्ता येथील अधिवेशनात काँग्रेसने तसा ठराव केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या घटनेची चिकित्सा केली आहे, आणि ही देवघेव राजकीय हिशेबाची होती असा कठोर निष्कर्ष काढला आहे. तो निष्कर्ष आपण प्रामाणिकपणे वाचला पाहिजे. आमचे नम्र मत इतकेच की काँग्रेसला १९१७ साली जाग आली असली तरी परळची शाळा १९०६ ची आहे; नारायणरावांची आस्था त्या हिशेबाच्या अकरा वर्षे आधीची होती.

मवाळांची एकाकी वाट

१९१८ साली माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या प्रश्नावर काँग्रेसमध्ये फूट पडली. सुधारणा अपुऱ्या असल्या तरी राबवून पाहाव्यात असे म्हणणारे नेमस्त पुढारी बाहेर पडले; त्यांत सुरेंद्रनाथ बॅनर्जी, दिनशा वाच्छा आणि नारायणराव हे अग्रभागी होते. अठरा वर्षांपूर्वी ज्या संस्थेचे अध्यक्षपद भूषविले तिच्यापासून दूर होताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. लोकमान्य टिळकांच्या आणि पुढे महात्मा गांधींच्या मागे लोटलेल्या जनसमुदायाला मवाळांची भाषा मिळमिळीत वाटू लागली होती. सभांतून हेटाळणी व्हावी, वृत्तपत्रांतून ‘सरकारधार्जिणे’ ही पदवी मिळावी, असा तो काळ.

पण येथेच एक प्रसंग असा घडला की ज्यामुळे नारायणरावांच्या निष्ठेचे खरे स्वरूप प्रकट झाले. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या हंटर समितीचा अहवाल १९२० साली प्रसिद्ध झाला आणि त्यातील सारवासारवीने देश संतप्त झाला. मुंबईत निषेधाची जी जाहीर सभा भरली तिचे अध्यक्षस्थान नारायणरावांनी स्वीकारले, आणि तीत ठराव मांडला तो महात्मा गांधींनी. एक मवाळांचा पुढारी, दुसरा असहकाराचा प्रणेता. दोघे एका व्यासपीठावर आले. याचे कारण आमच्या मते असे की, प्रजेने कायदा मोडलेला ज्याला सहन होत नसे त्याला सरकारने कायदा मोडलेलाही सहन झाला नाही. नि:शस्त्र जमावावर इशाऱ्यावाचून गोळ्या झाडणे हे कोणत्याही कायद्यात बसणारे नव्हते. नाशिकचा न्यायाधीश आणि मुंबईच्या सभेचा अध्यक्ष हे दोन निराळे पुरुष नव्हेत. एकच कसोटी त्यांनी दोन्ही ठिकाणी लावली. तिचे पहिले फळ आपल्याला कडू लागते, दुसरे गोड. कसोटी मात्र एकच होती.

अध्यक्षाची खुर्ची

नव्या सुधारणांप्रमाणे मुंबई इलाख्याचे विधिमंडळ १९२१ च्या आरंभी अस्तित्वात आले. काँग्रेसने निवडणुकीवर बहिष्कार घातला होता. मंडळाचे एकूण १११ सभासद, त्यांपैकी ८६ निवडून आलेले. तोपर्यंत कौन्सिलचे अध्यक्षस्थान खुद्द गव्हर्नर भूषवीत असे. आता प्रथमच त्या जागी निराळा अध्यक्ष बसावयाचा होता. या पहिल्या अध्यक्षपदी नारायणरावांची नेमणूक झाली.

मान मोठा होता, आणि कामही नाजूक होते. एका बाजूस सरकारी अधिकारी, दुसऱ्या बाजूस प्रथमच कौन्सिलात पाऊल टाकणारे निर्वाचित सभासद. त्यांत सिंध, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक अशा चार मुलखांची माणसे, मराठा व तत्सम ज्ञातींसाठी राखून ठेवलेल्या सात जागांवरील प्रतिनिधी आणि अस्पृश्य वर्गाचा सरकारनियुक्त सभासद. यांतील पुष्कळांना सभेचे नियम नवीन होते. कोणता प्रश्न स्वीकारावा, कोणास कधी बोलू द्यावे, सरकारी सभासदाने उत्तर टाळले तर काय करावे, या गोष्टी अध्यक्षाने ठरवावयाच्या. आणि जन्मभर ज्यांनी व्यासपीठे गाजविली त्या नारायणरावांना या खुर्चीत बसून वादात भाग घेण्याची मात्र मुभा नव्हती. बोलक्या माणसाने इतरांना बोलू देण्यासाठी गप्प राहणे ही लोकशाहीची पहिली शिस्त होय, आणि ती आपल्या इलाख्यात प्रथम त्यांनी पाळून दाखविली.

त्यांच्या कारकिर्दीत या सभागृहाने दोन गोष्टी अशा केल्या की ज्यांचे स्मरण ठेवावे. १९२१ सालीच, मद्रासच्या पाठोपाठ, स्त्रियांना मतदानाचा अधिकार नाकारणारा निर्बंध दूर करण्याचा ठराव झाला. १९२३ साली शिक्षणमंत्री रँग्लर र. पु. परांजपे यांच्या खटपटीने प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, आणि सक्तीच्या शिक्षणाचा मार्ग जिल्हा लोकल बोर्डांनाही मोकळा झाला. ‘इंदुप्रकाशा’त ज्या तरुणाने स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला होता त्याने सुमारे चाळीस वर्षांनंतर अध्यक्षाच्या खुर्चीतून हे निर्णय जाहीर होताना पाहिले. आपल्या पेरणीचे पीक पाहण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते.

१४ मे १९२३ रोजी बंगलोर येथे, अध्यक्षपदावर असतानाच, नारायणरावांचे देहावसान झाले. त्यांच्या मागून सर इब्राहिम रहिमतुल्ला त्या खुर्चीवर आले. त्यानंतर तीन महिने होण्यापूर्वीच, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, याच सभागृहाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये अस्पृश्यांस खुली करावीत असा तो ठराव. परळच्या शाळेच्या अध्यक्षास हा दिवस पाहावयास मिळाला नाही. आणि ठराव संमत होऊनही पाणी मोकळे झाले नाही. १९२७ साली महाडच्या तळ्यावर डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. कायद्याचा कागद आणि लोकांचे आचरण यांमध्ये केवढे अंतर असते हे येथे दिसून आले. नुसत्या सनदशीर मार्गाने ते अंतर तुटले नाही. आणि हेही खरे की सत्याग्रहींच्या हाती जो आधार होता तो त्या ठरावाचाच होता.

आम्ही त्यांचे कोण?

आता शेवटी एक प्रश्न, जो हा लेख लिहिताना आमच्या मनात वारंवार उभा राहिला. ज्या पुरुषाने जातिभेद न मानणाऱ्या समाजाचे अध्यक्षपद बावीस वर्षे सांभाळले, त्याच्यावर एखाद्या ज्ञातिसंस्थेने ‘आमचा’ म्हणून हक्क सांगावा काय? हक्क सांगण्यात गैर नाही. पण हक्काबरोबर जबाबदारी येते.

याचे उत्तर आम्हांस आपल्याच इतिहासात सापडते. शामराव विठ्ठल कायकिणी यांच्या स्मरणार्थ त्यांचे शिष्य श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ साली एक सहकारी पतसंस्था काढली. आपल्यातील गरजू कुटुंबांना सावकाराच्या दारी जावे लागू नये हा तिचा हेतू. परळची शाळा निघाली तेच हे वर्ष. मामाच्या नावाची पतपेढी ज्ञातीसाठी, आणि भाच्याच्या अध्यक्षतेखालील शाळा ज्ञातीच्या उंबरठ्याबाहेरील मुलांसाठी. दोन्ही कामे एकाच वर्षी, एकाच शहरात सुरू झाली. ती पतपेढी आज मोठी सहकारी बँक झाली असून तिच्या खिडकीशी सर्व ज्ञातींची माणसे उभी असतात. ज्ञातीसाठी काढलेली संस्था सर्वांची झाली म्हणून तिचे काही उणे झाले काय? उलट तिचे नाव वाढले.

ज्ञातिसंस्था ही गावाकडून आलेल्या मुलाला हक्काचा उंबरठा असावी; तो ओलांडून त्याने बाहेरच्या जगात जावे यासाठी. होनावरहून आलेल्या नारायणाला शामरावांनी तो उंबरठा दिला, आणि नारायणरावांनी पुढे परळच्या मुलांना दिला. आपल्या संस्थांमार्फत शिष्यवृत्त्या दिल्या जातात, वधूवरांची नोंद होते, स्नेहसंमेलने भरतात. ही कामे चालूच राहावीत. पण शिष्यवृत्तीच्या निधीतला एखादा वाटा ज्ञातीबाहेरच्या एखाद्या गरजू मुलामुलीला मिळाला, तर नारायणरावांचे स्मरण छायाचित्राहून अधिक खरे होईल, असे आम्हांस मनापासून वाटते. ही सूचना आम्ही सर्व कुटुंबांच्या विचारार्थ सादर करीत आहोत. तिच्यावर मतभेद होतील. तसे झाल्यास सभा बोलवावी, दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि मग मत घ्यावे. नारायणरावांनी आपल्याला तीच रीत शिकविली आहे.